नाव, गाव आणि एक प्रिंट : डॉक्युमेंटरी फोटोग्राफी सुरू करणाऱ्यांसाठी

पहिल्या हंगामातला माझा एक फोटो एका दैनिकाच्या जिल्हा पानावर छापून आला होता. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई. खाली ओळ होती : ‘ऊसतोड मजूर महिला’. कात्रण घेऊन मी हौसेनं उसाच्या फडावर गेले. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “ह्यात माझं नाव कुठंय ताई?”

नाव मी विचारलंच नव्हतं. चार दिवस तिच्या मागे फिरले होते, तिच्या कोपीत, त्या तात्पुरत्या खोपटात, चहा प्याले होते, आणि तिचं नाव मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतरचे बरेच हंगाम मी कोल्हापूरच्या आसपासच्या फडांवर काढले. टोळ्यांच्या मागोमाग बीड जिल्ह्यातल्या त्यांच्या गावांनाही गेले. हल्ली कॉलेजातली मुलं-मुली भेटतात आणि विचारतात, “डॉक्युमेंटरी करायचीय, कुठला कॅमेरा घेऊ?” त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. बाकीचं जे दोन मिनिटांत सांगता येत नाही, ते इथं लिहिते आहे. उदाहरणं माझ्या कामातली, म्हणजे ऊसतोडीची आहेत. तुमचा विषय वेगळा असेल. मच्छीमार, गिरणगावातल्या चाळी, विडी वळणाऱ्या बायका, काहीही. पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

आधी आपला रस्ता

थेट मोठ्या विषयाला हात घालू नका. आधी सहा महिने आपल्याच गावातल्या एका रस्त्यावर काढा.

मी शिकले ती कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर. अंबाबाईच्या देवळाचा महाद्वार पश्चिमेला आहे. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं याच वाटेनं आत शिरून मूर्तीपर्यंत पोचतात. तो आपला किरणोत्सव. त्या दिवसांत सूर्य बुडायच्या आधी हा रस्ता समोरून येणाऱ्या तांबूस उजेडानं भरून जातो. फुलांच्या टोपल्या, बायकांच्या केसांच्या कडा, चहाच्या पातेल्यावरची वाफ, सगळं उजळतं. वर्षानुवर्षं मी त्या रस्त्यानं चालले होते आणि हे पाहिलं नव्हतं. एकाच कोपऱ्यावर महिनाभर उभी राहिले तेव्हा दिसलं. मुंबईत असाल तर दादरचा फुलबाजार पहाटे गाठा, पुण्यात असाल तर मंडई. छोट्या गावात आठवडी बाजार आहेच.

सराव असा करा. आठवड्यातून तीन दिवस, एक तास, एकच जागा, एकच लेन्स. ३५ मिमी असेल तर उत्तम. फोन असेल तर त्याची मुख्य लेन्स, आणि झूमला हात लावायचा नाही. कॅमेऱ्यावर फोकस हातानं तीन मीटरवर ठेवा, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८, शटर १/२५०, आयएसओ ऑटो. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्सनं या मांडणीत साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग फोकसची वाट बघायची गरज उरत नाही, माणूस चौकटीत आला की बटण दाबायचं. तीन मीटर म्हणजे किती, हे पावलांना कळेपर्यंत घरात खुर्च्या मांडून मोजत बसा. मी बसले होते.

चौकट आधी बघून ठेवा आणि माणसाची वाट पाहा. सुरुवातीला आपण माणसामागे धावतो, आणि मग मागे विजेचा खांब, जाहिरातीचा बोर्ड, कुणाचा तरी अर्धा हात असं सगळं गोळा होतं. भिंत, सावली आणि उजेडाची तिरीप हे ठरलेलं असेल तर फक्त माणूस येणं बाकी राहतं.

लाज वाटते, हा सगळ्यांचाच अडसर. लपून, लांबच्या लेन्सनं काढू नका. तशा फोटोत ते लपणं दिसतं आणि समोरच्यालाही चोरी झाल्यासारखं वाटतं. कॅमेरा छातीशी उघड धरून उभं राहा, लोकांना तो दिसू द्या. चार दिवसांत फुलवाली तुम्हाला ओळखायला लागते, आठव्या दिवशी ती तुम्हाला पाहायचं सोडून देते. कुणी “नको” म्हटलं तर नको. फोटो आधीच काढला असेल तर त्यांच्यासमोर पुसा आणि हसून पुढे व्हा. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही, पण हक्क आहे म्हणून वाद घालत बसणारा माणूस त्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी उभा राहू शकत नाही. संरक्षण खात्याच्या जागा, गोदी, रेल्वेची आवारं इथं मात्र आधी परवानगीची चौकशी करा.

सहा महिन्यांनी तुमच्याकडे चारदोन बरे फोटो असतील. त्याहून मोठी कमाई म्हणजे अनोळखी माणसासमोर कॅमेरा धरून उभं राहण्याची सवय. पुढच्या कामाला तीच लागते.

विषय : एसटीनं जाता येईल असा

नवशिके लांबचे विषय निवडतात. लडाख, बनारस, सुंदरबन. दहा दिवस जायचं, दोन हजार फोटो आणायचे आणि पुन्हा कधी जायचं नाही. त्यातून जे येतं ते प्रवासाचे फोटो असतात.

मी तीन प्रश्न विचारते. एक, महिन्यातून दोनदा खिशाला न झेपणारा खर्च न करता तिथं जाता येईल का? दोन, तिथली भाषा मला कळते का? भाषा म्हणजे नुसती मराठी नव्हे. ‘वाढे’ म्हणजे काय, ‘उचल’ म्हणजे काय, हे कळायला वेळ लागतो. तीन, पाच वर्षांनीही या माणसांचं काय झालं हे जाणून घ्यावंसं वाटेल का? तिसऱ्याचं उत्तर नाही असेल तर विषय सोडा.

ऊसतोड मला घरापासून चौदा किलोमीटरवर मिळाली. लहानपणापासून दिवाळीनंतर रस्त्याकडेला उगवणाऱ्या कोप्या पाहिल्या होत्या, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास त्या नाहीशा होतानाही. ती माणसं येतात कुठून आणि जातात कुठं, हे तीस वर्षांत मनात आलं नव्हतं.

पहिल्या तीन खेपा कॅमेऱ्याशिवाय

पिशवीत असू दे, बाहेर काढायचा नाही. पहिल्या खेपेला फक्त आपण कोण, कशासाठी आलो, हे सांगायचं. खरं सांगायचं. “तुमच्या अडचणी सरकारपर्यंत पोचवते” असलं काही चुकूनही बोलू नका. फोटोनं काही होईल की नाही, हे तुमच्या हातात नाही. मी सांगते, “तुमचं काम कसं असतं याचे फोटो काढायचेत. बरीच वर्षं येत राहीन. पैसे देऊ शकत नाही, फोटो आणून देईन.” एवढंच वचन, आणि ते पाळायचं.

टोळीत मुकादमाला, म्हणजे मजूर जमवून आणणाऱ्याला, डावलून काही होत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि काम करून ती फेडायची असते. तुमच्याशी बोलण्यात तासभर गेला तर तोडलेला ऊस कमी भरतो आणि ते त्यांच्या हिशेबात दिसतं. सुरुवातीला मला हे समजलं नव्हतं. एका जोडप्याला मी “जरा इकडे बघा, पुन्हा एकदा मोळी उचला” करत थांबवलं आणि संध्याकाळी मुकादमानं सगळ्यांसमोर त्यांनाच सुनावलं. माझ्या फोटोची किंमत त्यांनी मोजली. तेव्हापासून मी कामात कुणाला थांबवत नाही आणि काही ‘पुन्हा करा’ म्हणत नाही. हुकलं ते हुकलं.

तुमचा विषय कुठलाही असो, आधी शोधा की तिथं वेळ कुणाचा आहे आणि तुमच्या येण्यानं कुणाचं नुकसान होतं. शाळेत शिक्षकाचं, हॉटेलात पोऱ्याचं, दवाखान्यात नर्सचं.

मदत करा, पण कामात अडथळा न आणता. पाणी आणून देणं, मुलाला कडेवर घेणं, फोनवर एखादा मेसेज वाचून दाखवणं. त्यातून फोटो मिळावेत म्हणून करू नका. माणूस म्हणून तिथं बसलेलो असताना हातावर हात ठेवून बसवत नाही, म्हणून.

संमती ही एकदाच घ्यायची गोष्ट नव्हे

इथं मी जरा रेंगाळणार आहे.

१९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं, वाटाणा तोडणाऱ्या स्थलांतरित मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. खांद्यावर तोंड फिरवून टेकलेली दोन मुलं, मांडीवर तान्हं बाळ, हात गालाशी. अमेरिकेतल्या महामंदीचा चेहरा म्हणून तो जगभर गेला. त्या बाईचं नाव लँगनी विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये, म्हणजे ४२ वर्षांनी, आणि तेव्हा त्या बाईनं सांगितलं की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. त्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, असंही ती म्हणाली. लँग सरकारी नोकरीत होत्या, फोटोतून त्यांनीही पैसे केले नव्हते, आणि त्या फोटोंमुळे तळावर धान्य पोचलं. तरीही बाईचं म्हणणं खोटं ठरत नाही. हे वाचलं तेव्हा मला फडावरचा तो प्रश्न पुन्हा ऐकू आला. काम तेच होतं, शेतातलं, परगावी जाऊन केलेलं. आणि चूकही तीच होती.

दुसरी गोष्ट जपानमधली. मिनामाता इथं कारखान्याच्या पाऱ्यानं विषबाधा झालेल्या लोकांमध्ये यूजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ हे जोडपं १९७१ पासून तीन वर्षं राहिलं. आपल्या अपंग मुलीला न्हाऊ घालणाऱ्या आईचा त्यांचा फोटो त्या लढ्याची ओळख बनला. आईनं तेव्हा परवानगी दिली होती. मुलगी पुढे वारली, फोटो मात्र सगळीकडे दिसत राहिला, आणि आईवडिलांना ते सोसवेना. यूजीन तोवर गेले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आयलीन यांनी तो फोटो नव्यानं छापायला देणं थांबवलं. एवढ्या गाजलेल्या फोटोवरचा हक्क असा सोडून देणं मला फार मोठं वाटतं.

यातून मी माझ्यासाठी काही सवयी लावून घेतल्या. काढताना विचारायचं, छापायच्या आधी पुन्हा विचारायचं, आणि कुठं छापणार हे दाखवून विचारायचं. “पेपरात येईल” आणि “इंटरनेटवर येईल” यांत फरक आहे; दुसऱ्यात तो फोटो गावातल्या प्रत्येकाच्या फोनवर जाऊ शकतो, सुनेच्या माहेरीसुद्धा. हे समजावून सांगा. नवऱ्यानं हो म्हटलं म्हणजे बायकोनं म्हटलं असं नाही. तिला वेगळं गाठून विचारा. कुणी दोन वर्षांनी “तो काढून टाका” म्हणालं तर कारण न विचारता काढा.

काही फोटोंत चेहरा नकोच. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला आणि गावांत कॅमेरे आले. त्याच त्या बायकांना तेच ते प्रश्न. अशा वेळी पत्र्याच्या पेटीत जपलेली दवाखान्याची फाईल, कागदावर ठेवलेला हात, दारातून दिसणारी पाठ पुरेशी असते. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईची आणि कुठल्याही कायदेशीर प्रकरणात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, हेही पक्कं ध्यानात ठेवा. नाव लपवलं आणि घराचा दरवाजा, शाळेचा गणवेश दिसला, तर ओळख उघड झालीच.

तुमचा फोटो आणि त्यांचा फोटो

फडावरची एक बाई मला म्हणाली, “तू आमचे असलेच काढतीस. पाचटात माखलेले. एक चांगल्या लुगड्यातला काढ की.” मला ओशाळल्यासारखं झालं. रविवारी ती नेसून आली, केसांना तेल लावलेलं, नवऱ्याला शेजारी उभं केलं, मागे कोपी दिसू नये म्हणून ट्रॅक्टर आडवा घ्यायला लावला. दोघंही ताठ, कॅमेऱ्याकडे बघत.

तेव्हापासून प्रत्येक कुटुंबाचा मी असा एक फोटो काढते. ते सांगतील तसा, ते म्हणतील तिथं. माझ्या दृष्टीनं तो ‘चांगला’ आहे की नाही याचा विचार करत नाही. आणि खरं सांगायचं तर आज मागे वळून बघताना या ताठ उभ्या फोटोंतून मला त्या माणसांबद्दल बरंच कळतं : कुणी मोबाइल हातात धरला, कुणी मुलीला पुढे घेतलं, कुणी बैलांच्या मधे उभं राहिलं.

फडावर प्रत्यक्ष काय काढायचं

पहिल्या महिन्यात सगळ्यांचे फोटो सारखेच येतात : कोयता, मोळी, घाम, सूर्यास्त. ते एकदा काढून घ्या, मनातून जायला हवेत. मग कामाचा क्रम लिहून काढा आणि त्यातल्या न दिसणाऱ्या भागांकडे वळा.

बाईचा दिवस फडावर सुरू होत नाही, चुलीपाशी सुरू होतो, आणि तो अंधारात. भाकरी झाल्या, पाणी भरलं, मुलाला फडक्यात गुंडाळलं की मग फड. तोडणं, पाला साळणं, मोळ्या बांधणं, गाडी येईल तेव्हा भरणं. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला. उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, जनावरांसाठी विकायचे. मग पुन्हा चूल. हा पूर्ण फेरा तुमच्या फोटोंत आला आहे का, हे दर महिन्याला तपासा. माझ्याकडे दोन हंगाम झाले तरी पहाटेच्या चुलीचा एकही फोटो नव्हता, कारण मी उजेड झाल्यावर पोचत होते. त्यासाठी टोळीसोबत मुक्काम करावा लागला.

उजेडाचं म्हणाल तर चुलीपाशी फ्लॅश मारू नका. एफ/२, १/६०, आयएसओ ३२०० वर चुलीचा जाळच पुरतो. फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू द्या. दुपारच्या फडात वरून ऊन आणि खाली पाचटाची पिवळी चमक असते; टोपीखालचा चेहरा या खालून येणाऱ्या उजेडानं छान उघडतो, म्हणून गुडघ्यावर बसून काढा. उसाच्या पानाच्या कडा हात कापतात. पूर्ण बाह्या, बूट आणि लेन्सवर साधा काचेचा फिल्टर वापरा. कोयता चालत असताना त्या माणसाच्या मागे कधीही उभं राहू नका, बाजूनं काढा.

आणि दुःखच शोधू नका. संध्याकाळी कोपीबाहेर पत्ते खेळणारे गडी, फोनवर गावाकडच्या आईशी बोलणारी सून, साखरशाळेतून, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या हंगामी शाळेतून, आलेलं पोर पाटीवर गिरवताना, बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावताना चाललेली चेष्टा. हे नसलेलं काम मला अपुरं वाटतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून ग्रामीण बायकांच्या श्रमाचे फोटो काढले. ते मी प्रथम पाहिले तेव्हा लक्षात राहिलं ते हे, की त्यातल्या बायका काम करताना दिसतात आणि आपण त्यांची कीव करावी असं कुठं वाटत नाही. २०१४ मध्ये त्यांनीच सुरू केलेल्या ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर असं काम मराठीतही वाचायला मिळतं. नवशिक्यांनी तिथले फोटो आणि त्याखालच्या ओळी दोन्ही नीट अभ्यासाव्यात.

वही

प्रत्येक दिवसाची एक वही. फोटोइतकीच महत्त्वाची, आणि नव्वद टक्के लोक टाळतात ती हीच. त्याच रात्री लिहा, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरलेलं असतं.

माझ्या वहीत प्रत्येक माणसामागे हे असतं : नाव, ती व्यक्ती स्वतः उच्चारते तसं, वय, ती सांगेल ते, मूळ गाव आणि तालुका, फोटो काढला ती जागा आणि तारीख, त्या वेळी काय चाललं होतं, आणि ती स्वतःहून बोललेलं एक वाक्य, तिच्याच शब्दांत. ‘पाचट’ला ‘वाळलेला पाला’ करू नका, ‘कोपी’ला ‘झोपडी’ करू नका. वापरलेला शब्दही पुरावा असतो. संमती मिळाली की नाही, छापायला की फक्त काढायला, हेही तिथंच नोंदवा.

फोटोखालची ओळ यातूनच बनते. “ऊसतोड मजूर महिला” ही ओळ कुणावरही चिकटवता येते, म्हणून ती कुणाचीच नसते.

पावसाळ्यात त्यांच्या गावी

प्रिंट काढा. चार बाय सहाची, गावातल्या कुठल्याही लॅबमध्ये होते, आणि एका प्रिंटला फार पैसे पडत नाहीत. फोनवर पाठवलेला फोटो फोन बिघडला की जातो.

हंगाम संपला की मी जूनमध्ये प्रिंटचं पाकीट घेऊन जाते. पहिल्यांदा पाटोदा तालुक्यातल्या एका गावात गेले तेव्हा मला कुणी ओळखलं नाही, आणि मीही त्यांना ओळखलं नाही. फडावर कायम खाली वाकलेली माणसं इथं आपल्या ओट्यावर बसली होती, मला बसायला पाट दिला जात होता, मी पाहुणी होते. कोण कुणाची मुलगी, कुणाची चार एकर कोरडवाहू आहे, कुणाचं घर बांधून अर्धवट राहिलंय, उचल कशावर खर्च झाली, हे सगळं त्या दोन दिवसांत कळलं; अख्ख्या हंगामात कळलं नव्हतं. विहिरीला पाणी नाही, म्हणून दसऱ्यानंतर ट्रक. एवढं साधं कारण, आणि फडावर उभं राहून ते दिसत नाही.

माझं काम खऱ्या अर्थानं त्या जूनमध्ये सुरू झालं असं मी मानते. कोपीत राहणाऱ्या माणसाचं घरही तुमच्या फोटोंत असलं पाहिजे. पुढच्या वर्षी गेले तेव्हा आदल्या वर्षीची प्रिंट रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली दिसली. ट्रॅक्टरपुढचा, चांगल्या लुगड्यातला फोटो.

मुंबईत सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांवर असंच वर्षानुवर्षं काम केलं. गटारात उतरणारी माणसं त्यांनी कामावर पाहिली आणि घरीही. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मी विद्यार्थ्यांना सांगते की त्यांचे फोटो एकेक करून बघू नका, एकापाठोपाठ एक सगळे बघा.

निवड

वर्षाच्या शेवटी हजारो फोटो असतील. रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ पासून दोनेक वर्षं अमेरिकाभर फिरून सुमारे २७ हजार फोटो काढले आणि पुस्तकात घेतले ८३. हे प्रमाण कागदावर लिहून भिंतीला लावा.

महिनाभर जुने झाल्याशिवाय फोटो निवडू नका. नाहीतर तो काढताना किती त्रास झाला त्यावरून तो चांगला वाटतो. मग दोनशेपर्यंत खाली या, त्यांच्या छोट्या प्रिंट काढा आणि जमिनीवर पसरा. पडद्यावर एका वेळी एकच फोटो दिसतो, जमिनीवर शेजारही दिसतो. दोन फोटो तीच गोष्ट सांगत असतील तर एक बाजूला काढा, तो कितीही देखणा असला तरी. घरातल्या कुणाला तरी, ज्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही अशा माणसाला, बोलावून विचारा, “यातून तुला काय कळलं?” तो जिथं अडखळतो तिथं फोटो कमी आहे, आणि पुढच्या हंगामात तोच काढायचा आहे.

मी वीसवर थांबते. शेवटी ती निवड टोळीतल्या दोघातिघांना दाखवते. एकदा एका म्हाताऱ्या गड्यानं वीसच्या वीस फोटो पाहिले आणि म्हणाला, “ह्यात काटा कुठं हाय?” उसाचं वजन होतं तो वजनकाटा. त्यांची सगळी कमाई तिथं ठरते, आणि मी तिकडे फिरकलेही नव्हते.

साठवण

नीरस वाटतं, पण करा. फोल्डरचं नाव वर्ष-महिना-दिवस-गाव या क्रमानं. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं नोंदवलेली प्रक्रिया न केलेली फाइल, कधी पुसायची नाही. तीन प्रती : दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. वहीतली माहिती फाइलच्या आतल्या मथळ्यात (मेटाडेटात) भरा, म्हणजे फोटो कुठंही गेला तरी नाव सोबत जातं.

शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर आयुष्यभर रस्त्यावर फोटो काढत राहिल्या. २००७ मध्ये भाडं थकलेल्या कोठीतलं त्यांचं सामान लिलावात गेलं, त्यात निगेटिव्हचे ढीग निघाले. धुतलेही नव्हते असे शेकडो रोल. २००९ मध्ये त्या वारल्या आणि मग जग त्यांना ओळखायला लागलं. फोटोंतल्या माणसांबद्दल विचारायला आता कुणी नाही. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचं याउलट झालं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली ही बाई, सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, पण संग्रह सांभाळला आणि हयातीतच दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला. २०११ मध्ये पद्मविभूषण, २०१२ मध्ये निधन. तुमच्या मागे तुमच्या फोटोंचं काय व्हावं, हे घरात एका माणसाला तरी सांगून ठेवा.

पोटाचं काय?

या कामावर घर चालत नाही. मी लग्नांचे फोटो काढते, डिसेंबर आणि मे त्यातच जातात. त्याची लाज बाळगू नका. लग्नातही अनोळखी घरातली माणसं वाचायला शिकता येतं. अनुदानं आहेत. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही त्यातली एक. अर्ज करताना दोन वर्षांचं काम आधीच हातात असेल तर बोलणं सोपं जातं.

हक्कांचं मात्र लक्ष द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःहून काढलेल्या फोटोचा हक्क काढणाऱ्याचा, आणि तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पण कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, आणि लेखी काही ठरलेलं नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा होतो. संस्थेसाठी काम करताना ‘फोटो माझे, वापर तुमचा’ असं ईमेलवर आधी लिहून घ्या. आणि वापराच्या अटीत ही एक ओळ घाला : फोटोखालचं नाव-गाव काढता येणार नाही. मी एवढ्यावर दोन कामं सोडली आहेत.

प्रदर्शन आधी कुठं?

माझं पहिलं प्रदर्शन टोळीच्या गावातल्या मारुतीच्या पारावर झालं. सुतळी बांधून चिमट्यांनी प्रिंट लावल्या. लोकांनी फोटो पाहिले ते हात लावून, मोठ्यानं नावं घेत. दोन ठिकाणी मी लिहिलेली नावं चुकली होती, ती तिथंच पेनानं दुरुस्त झाली. शहरातल्या दालनात तोच संच गेला तेव्हा त्या पेनाच्या दुरुस्त्या मी तशाच ठेवल्या.

त्या पारावर चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा सगळा वेळ उभा होता. फडावर आईवडिलांसोबत असायचा, आता स्वतःचा फोन होता. म्हणाला, “रात्री गाडी भरताना वरनं काढायला पाहिजे. तुम्ही चढू शकत नाही.” खरंच होतं, भरलेल्या ट्रकच्या उसावर मला कुणी चढू दिलं नसतं. त्या हंगामात त्यानं वरून काढलेला एक फोटो मला पाठवला. खाली अंधार, बॅटरीचा एक झोत, आणि फळीवरून वर येणारी त्याची आई. चेहरा वर, थेट त्याच्याकडे बघणारा. आता माझ्या वीस फोटोंत तो अकरावा आहे. खाली त्याच्या आईचं नाव आहे, गाव आहे, आणि ‘छायाचित्र’ या शब्दापुढे त्याचं. छापल्याचे पैसे आले ते त्याच्या घरी पोचवले.